कोरड्या हवेत आटणारे अश्रू

‘डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते’, ‘दुपार उलटली की डोळे चुरचुरू लागतात’, ‘वाचता वाचता अक्षरे पुसट होतात आणि पापण्यांची उघडझाप केली की पुन्हा स्पष्ट दिसतात’, ‘सकाळी उठल्यावर पापण्या सोडवताना त्रास होतो’ अशा तक्रारी घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे येणाऱ्यांचे प्रमाण शहरांमध्ये मोठे आहे. यांपैकी अनेकांचा चष्म्याचा क्रमांक बदललेला नसतो, जंतुसंसर्ग झालेला नसतो आणि मोतीबिंदूही नसतो. त्यांच्या डोळ्यांवरचे पाणी टिकत नाही, एवढेच कारण असते. वैद्यकशास्त्रात या विकाराला शुष्क नेत्र किंवा ‘ड्राय आय’ असे म्हणतात. जगाच्या वेगवेगळ्या भागांत झालेल्या पाहण्यांमध्ये याचे प्रमाण ५ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. विकाराची व्याख्या कोणती घेतली आणि पाहणी कोणत्या वयोगटाची केली, यावर हा आकडा बराच अवलंबून असतो.

या विकाराची कारणे अनेक आहेत. वय, संप्रेरकांतील बदल, काही औषधे आणि काही आजार ही त्यांतील ठळक कारणे. मात्र, ज्या हवेत माणूस दिवसाचे आठ-दहा तास बसतो, त्या हवेतील ओलावा हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समुद्राकाठच्या दमट शहरात राहणाऱ्याचे डोळे कोरडे कसे पडतील, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अश्रूंची रचना आणि बाष्पीभवनाचे साधे भौतिकशास्त्र या दोहोंकडे वळावे लागते.

तीन सहस्रांश मिलिमीटरचे कवच

अश्रू म्हटले की रडणे आठवते. प्रत्यक्षात डोळ्यांवर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर अहोरात्र पसरलेला असतो. त्याला अश्रुपटल म्हणतात. या पटलाची जाडी सुमारे तीन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे तीन सहस्रांश इतकीच असते. एका डोळ्यावर एका वेळी असणारे एकूण पाणी सुमारे सात मायक्रोलिटर भरते. सर्वसाधारण थेंबाचाही तो लहानसा अंश झाला. दर मिनिटाला सुमारे सव्वा मायक्रोलिटर नवे पाणी तयार होते आणि जुने पाणी पापण्यांच्या आतील कोपऱ्याजवळच्या सूक्ष्म अश्रुछिद्रांतून नाकात उतरते. काही भाग हवेत उडून जातो. निरोगी डोळ्यात तयार होणाऱ्या अश्रूंपैकी ढोबळमानाने दहा ते पंचवीस टक्के अश्रू अशा प्रकारे हवेत जातात, असे मानले जाते.

या तरल पटलाचे तीन घटक आहेत. पारपटलाला, म्हणजेच कॉर्नियाला लागून श्लेष्मल घटक असतो. तो पाण्याला डोळ्याच्या पृष्ठभागावर समान पसरवून धरतो. त्यावर अश्रुग्रंथीतून येणारा जलीय घटक असतो. त्यात क्षार, प्रथिने आणि जंतूंचा प्रतिकार करणारी द्रव्ये असतात. सर्वांत वरच्या बाजूला स्निग्ध द्रव्याचा अतिसूक्ष्म थर असतो. हे स्निग्ध द्रव्य पापण्यांच्या कडांमधील मायबोमियन ग्रंथींतून स्रवते. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये या ग्रंथींचे वर्णन केले, त्यांचेच नाव ग्रंथींना मिळाले. वरच्या पापणीत अशा तीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस ग्रंथी असतात.

आमटीवर तेलाचा तवंग असला की खालचे पाणी लवकर निवत नाही आणि वाफही कमी निघते. अश्रूंवरील स्निग्ध थर नेमके हेच काम करतो. तो जलीय थराचे बाष्पीभवन रोखून धरतो. हा थर नसेल किंवा तुटक असेल, तर अश्रूंचे बाष्पीभवन सुमारे चौपट होते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. आज शुष्क नेत्राचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिल्यात अश्रूच कमी तयार होतात. दुसऱ्यात अश्रू पुरेसे तयार होतात, पण ते लवकर उडून जातात. दुसरा प्रकार अधिक आढळतो आणि हवेतील आर्द्रतेचा संबंध प्रामुख्याने त्याच्याशी येतो. दोन्ही प्रकार एकाच रुग्णात आढळणेही नवे नाही.

आर्द्रता आणि बाष्पीभवन

हवामानाच्या बातम्यांत सांगितली जाणारी आर्द्रता ही ‘सापेक्ष आर्द्रता’ असते. हवेच्या त्या वेळच्या तापमानाला तिच्यात जास्तीत जास्त जितकी वाफ सामावू शकते, त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, हे ती सांगते. गरम हवेची वाफ सामावण्याची क्षमता मोठी असते, थंड हवेची कमी. त्यामुळे २४ अंशांची ५० टक्के आर्द्रता आणि ३० अंशांची ५० टक्के आर्द्रता यांत हवेतील प्रत्यक्ष पाणी सारखे नसते.

डोळ्याला टक्क्यांशी कर्तव्य नसते. डोळ्याच्या पृष्ठभागाचे तापमान ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. या तापमानाला पृष्ठभागालगतची हवा वाफेने पूर्ण भरलेली असते आणि तिच्यात दर घनमीटरला सुमारे ३७ ग्रॅम पाणी असते. भोवतालच्या हवेत याहून जितके कमी पाणी, तितक्या ओढीने अश्रू उडतात. ही तफावत हीच बाष्पीभवनामागची खरी शक्ती होय.

थोडा ढोबळ हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते. मुंबईत पावसाळ्यातील एखाद्या दिवशी तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर बाहेरच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. डोळ्याशी तफावत १३ ग्रॅमची. त्याच दिवशी २४ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता राखलेल्या वातानुकूलित कार्यालयात हेच पाणी ११ ग्रॅमवर येते. तफावत २६ ग्रॅमची, म्हणजे दुप्पट होते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असेल, तर हवेत सुमारे ९ ग्रॅम पाणी असते आणि तफावत २८ ग्रॅमची होते. उष्ण हवेने डोळ्याचा पृष्ठभागही तापत असल्याने प्रत्यक्षात ती आणखी वाढते. विमानाच्या आत आर्द्रता सहसा १० ते २० टक्के असते. २४ अंशांना १५ टक्के धरल्यास हवेत जेमतेम ३ ग्रॅम पाणी उरते आणि तफावत ३४ ग्रॅमपर्यंत जाते.

पृष्ठभागाचे तापमान भोवतालानुसार थोडे कमी-जास्त होते, वाऱ्याचा वेगही बदलतो. त्यामुळे हे आकडे अचूक मोजमाप म्हणून न घेता तुलनेसाठीच घ्यायला हवेत. तरीही एक गोष्ट त्यातून निश्चित दिसते. दमट शहरातील वातानुकूलित खोली डोळ्यांच्या दृष्टीने विदर्भातील उन्हाळ्याच्या बरीच जवळ जाते. बाहेर पाऊस कोसळत असला तरी आत बसलेल्याच्या डोळ्यांना तो ओलावा मिळत नाही.

हा ओलावा जातो कुठे, याचे उत्तर इमारतीबाहेर लोंबणाऱ्या नळीत मिळते. वातानुकूलन यंत्रातील थंड नळ्यांवर हवेतील वाफ साठते, तिचे पाणी होते आणि ते बाहेर ठिबकत राहते. हे ठिबकणारे पाणी म्हणजे खोलीच्या हवेतून काढून घेतलेला ओलावाच होय. याउलट विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी दिसणारा कूलर पाण्याने भिजलेल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळीतून हवा ओढतो आणि तिच्यात ओलावा मिसळतो. कोरड्या उन्हाळ्यात डोळ्यांना कूलरची हवा त्या मानाने सोसवते, ती यामुळेच. अर्थात त्याचा झोत थेट चेहऱ्यावर घेतला तर हा फायदा उरत नाही.

झोताचा परिणाम

दोरीवरचे कपडे वाऱ्याने लवकर वाळतात, हा रोजचा अनुभव आहे. स्थिर हवेत डोळ्यालगत ओलसर हवेचा एक पातळ पडदा तयार होतो आणि तो पुढील बाष्पीभवन मंदावतो. वारा हा पडदा पुसून टाकतो. छताचा पंखा, यंत्राची चेहऱ्याकडे वळवलेली झडप, मोटारीतील समोरचा झोत, दुचाकीवरचा उघडा प्रवास ही सगळी याचीच उदाहरणे. हेल्मेटची काच वर करून दुचाकी चालवणाऱ्यांच्या डोळ्यांना वाऱ्याबरोबर धूळ आणि धूर यांचाही मारा सोसावा लागतो. काही माणसांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत. अशा व्यक्ती रात्रभर पंख्याखाली झोपल्या तर सकाळी डोळे लाल, जड आणि खुपणारे असतात.

कमी आर्द्रतेचा परिणाम प्रयोगशाळेतही तपासला गेला आहे. २०१३ मध्ये ‘कॉर्निया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना नियंत्रित कक्षात तासभर केवळ ५ टक्के आर्द्रतेत बसवण्यात आले. ४० टक्के आर्द्रतेच्या तुलनेत त्यांच्या अश्रूंचे बाष्पीभवन ठळकपणे वाढले, स्निग्ध थर पातळ झाला आणि अश्रुपटल लवकर तुटू लागले. निरोगी डोळ्यांची अवस्था शुष्क नेत्राच्या रुग्णांसारखी होण्यास एक तास पुरला. याची दुसरी बाजू १९९६ मध्येच दिसली होती. डोळ्यांभोवती ओलसर हवा राखणारे बंदिस्त चष्मे वापरल्यावर स्निग्ध थराची जाडी वाढत असल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते.

मिटायला विसरलेल्या पापण्या

केवळ हवेला दोष देऊन भागत नाही. अश्रूंचा थर पुन्हा पुन्हा पसरवण्याचे काम पापण्या करतात. प्रत्येक उघडझापीबरोबर मायबोमियन ग्रंथींवर हलका दाब पडतो आणि स्निग्ध द्रव्याची नवी मात्रा बाहेर येते. मन एकाग्र झाले की ही उघडझाप कमी होते. जपानी नेत्रतज्ज्ञ काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १०४ कार्यालयीन कर्मचाऱ्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. निवांत बसले असताना हे कर्मचारी मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटत होते. पुस्तक वाचताना हे प्रमाण १० वर आले आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहताना ते ७ वर घसरले.

याच निरीक्षणांत आणखी एक बाब पुढे आली. पुस्तक वाचताना नजर खाली असते, त्यामुळे पापण्या अर्ध्या मिटलेल्या राहतात. पडद्याकडे समोर पाहताना डोळ्यांचा उघडा भाग पुस्तक वाचतानाच्या तुलनेत जवळपास दुप्पट होतो. म्हणजे बाष्पीभवनाला दुप्पट पृष्ठभाग मिळतो आणि तो भिजवणारी उघडझाप मात्र कमी झालेली असते. वातानुकूलित कार्यालयातील कोरडी हवा, वरून येणारा झोत आणि समोरचा पडदा अशी तीन कारणे एकाच खुर्चीपाशी जमा होतात. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात वा रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या तरुणांकडून या तक्रारी का ऐकू येतात, ते यावरून समजते.

मिठागराचा न्याय

अश्रू उडाले तर उडाले, थोडी चुरचुर होईल, असे अनेकांना वाटते. येथेच खरा धोका आहे. मिठागरात उन्हाने पाणी उडून जाते आणि मागे मीठ राहते. डोळ्यांतही तसेच घडते. पाणी हवेत जाते, क्षार मात्र मागे राहतात आणि उरलेले अश्रू अधिकाधिक खारट होत जातात. हे खारट पाणी पारपटलाच्या व नेत्रश्लेष्मलेच्या पेशींना झोंबते. पेशींना इजा होते, दाह सुरू होतो. दाहामुळे श्लेष्मल द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होतात आणि अश्रुपटल आणखी अस्थिर बनते. अस्थिर पटल आणखी लवकर तुटते, पाणी आणखी उडते. असे हे दुष्टचक्र आहे. शुष्क नेत्रासंबंधी जगभरातील तज्ज्ञांनी २००७ आणि २०१७ मध्ये तयार केलेल्या अहवालांत अश्रूंचा वाढलेला खारटपणा आणि दाह यांना विकाराच्या केंद्रस्थानी ठेवले आहे, ते याच कारणाने.

‘डोळ्यांतून तर सारखे पाणी वाहते, मग ते कोरडे कसे?’ हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्न. पृष्ठभाग कोरडा पडला की पारपटलातील मज्जातंतू मेंदूला इशारा देतात आणि अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. परंतु या पाण्यात स्निग्ध द्रव्याचे प्रमाण पुरेसे नसल्याने ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळते. काही मिनिटांत डोळे पुन्हा कोरडे होतात. त्यामुळे वाऱ्यात गेल्यावर किंवा पडद्यासमोर बसल्यावर पाणी येणे हे बहुतेकदा कोरडेपणाचेच लक्षण असते.

दुर्लक्ष झाल्यास पारपटलावर सूक्ष्म ओरखडे पडतात, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि तीव्र अवस्थेत पारपटलावर जखम होऊन दृष्टीवरही परिणाम होऊ शकतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांसाठी तर ही बाब विशेष महत्त्वाची आहे. डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा क्रमांक ठरवताना पारपटलाची वक्रता मोजली जाते. अश्रुपटल तुटक असेल तर हे मोजमाप चुकू शकते. त्यामुळे आधी कोरडेपणावर उपचार करून मगच मोजणी करावी, असा सल्ला दिला जातो.

जोखीम कोणाला?

एकाच खोलीत बसलेल्या दहा जणांपैकी दोघा-तिघांनाच त्रास का होतो, हा प्रश्न उरतोच. कोरडी हवा सर्वांच्या डोळ्यांतून पाणी ओढते. पण निरोगी डोळे ही तूट भरून काढतात. ज्यांच्या अश्रुव्यवस्थेत आधीच उणीव आहे, त्यांना ती जमत नाही. वाढते वय आणि स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरचा काळ ही जोखमीची मोठी कारणे आहेत. मधुमेह, संधिवात, थायरॉइडचे विकार यांतही कोरडेपणा आढळतो. मधुमेहात पारपटलाची संवेदना मंदावू शकते. त्यामुळे डोळे कोरडे असूनही रुग्णाला फारसे काही जाणवत नाही आणि नुकसान लपून राहते.

सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे आणि मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे कोरडे पडतात. चष्मा घालवण्यासाठी केल्या जाणाऱ्या लॅसिक शस्त्रक्रियेत पारपटलातील मज्जातंतू कापले जातात. त्यामुळे त्यानंतर काही महिने कोरडेपणा जाणवू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स अश्रुपटलाचे दोन भाग करते आणि लेन्सवरचा पातळ थर लवकर वाळतो. पापण्यांच्या कडेवर, अगदी आतल्या बाजूने काजळ भरण्याच्या सवयीमुळे ग्रंथींची तोंडे बुजण्याचा संभव असतो.

डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील, तर शोग्रेन सिंड्रोम या विकाराची तपासणी आवश्यक ठरते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर हल्ला करते. लहान मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा कोरडेपणा अगदी वेगळा आणि गंभीर असतो. रातांधळेपणापासून अंधत्वापर्यंत त्याची मजल जाऊ शकते. तो रोखण्यासाठी भारतात १९७० पासून बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना, विशेषतः उत्तर अमेरिकेत, हा अनुभव हिवाळ्यात येतो. बाहेर शून्य अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली तरी त्या थंड हवेत दर घनमीटरला चार ग्रॅमही पाणी नसते. हीच हवा घरात घेऊन २२ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांवर येते. मुंबई वा कोकणातून तेथे मुलांकडे गेलेल्या ज्येष्ठांचे ओठ, त्वचा आणि डोळे एकदमच कोरडे का पडतात, त्याचे कारण हे आहे.

निदान कसे होते?

नेत्रतज्ज्ञ प्रथम लक्षणे, काम करण्याची जागा आणि सुरू असलेली औषधे यांची माहिती घेतात. त्यानंतर स्लिट लॅम्पखाली पापण्यांच्या कडा आणि ग्रंथींची तोंडे तपासली जातात. डोळ्यात फ्लुरेसिन हे पिवळे-नारिंगी रंगद्रव्य घालून रुग्णाला पापण्या न मिटता पाहण्यास सांगतात. शेवटच्या उघडझापीनंतर पटलात पहिली भेग पडेपर्यंतचा काळ मोजला जातो. तो दहा सेकंदांपेक्षा कमी असेल तर अश्रुपटल अस्थिर मानले जाते.

अश्रू किती तयार होतात हे पाहण्यासाठी शिर्मर चाचणी वापरतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओट्टो शिर्मर यांनी ती १९०३ मध्ये सुचवली. पाच मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब अशी शोषक कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवली जाते. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरपेक्षाही कमी भिजली, तर अश्रूंची निर्मिती फारच घटली आहे असे समजतात. मात्र, बाष्पीभवनामुळे येणाऱ्या कोरडेपणात ही चाचणी सामान्य येऊ शकते. त्यामुळे एकाच चाचणीवर निष्कर्ष काढला जात नाही.

उपचार आणि त्यांच्या मर्यादा

सौम्य विकारात कृत्रिम अश्रूंचे थेंब हा पहिला उपाय. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट यांसारखे घटक असलेले थेंब पाणी धरून ठेवतात. दिवसातून चार-सहा वेळांपेक्षा अधिक थेंब घालावे लागत असतील, तर परिरक्षक नसलेले थेंब वापरणे हितावह ठरते. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमी वापरले जाणारे परिरक्षक सतत वापरल्याने डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करू शकते.

ग्रंथींतील स्निग्ध द्रव्य घट्ट झाले असेल तर उबदार शेक उपयोगी पडतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवायचे, ते निवले की पुन्हा भिजवायचे आणि नंतर पापण्यांच्या कडेकडे हलक्या हाताने मालिश करायची. अश्रू फारच कमी असतील तर अश्रुछिद्रे छोट्या बुचांनी बंद करून पाणी डोळ्यातच रोखण्याची पद्धत १९७५ पासून प्रचारात आहे. दाह आटोक्यात आणण्यासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांना २००२ मध्ये मंजुरी दिली. अश्रूंचे बाष्पीभवनच रोखण्यासाठी बनवलेल्या परफ्लुरोहेक्सिलऑक्टेन या थेंबांना त्याच संस्थेने २०२३ मध्ये मान्यता दिली.

माशांच्या तेलातील ओमेगा-३ कॅप्सूलबद्दल मोठी आशा बाळगली जात होती. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वर्षभर चाललेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत या कॅप्सूल ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा अधिक गुणकारी ठरल्या नाहीत. आहारातील मासे, जवस, अक्रोड यांचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. कॅप्सूल हे हमखास औषध नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांत मोठी काळजी आहे ती औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या थेंबांची. लाली घालवणारे काही थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यांनी डोळा तात्पुरता पांढरा दिसतो, कोरडेपणा तसाच राहतो. स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी दोन दिवसांत आराम वाटतो, म्हणून ते महिनोन् महिने घातले जातात. त्यातून डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. डोळ्यांत मध, गुलाबपाणी किंवा दूध घालण्याचे घरगुती प्रयोगही टाळलेलेच बरे. निर्जंतुक नसलेला कोणताही द्रव आधीच दुखावलेल्या पृष्ठभागावर संसर्गाला आमंत्रण देतो.

रोजच्या जीवनात काय करता येईल?

- घरात व कार्यालयात आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी. ती मोजण्यासाठी छोटे आर्द्रतामापक पुरते.
- हवा ओलसर करणारे यंत्र सर्वांनाच आवश्यक नसते. दमट किनारपट्टीवर त्याने भिंतींना बुरशी येण्याचा धोका असतो. कोरड्या हवामानात ते वापरताना टाकीतील पाणी रोज बदलावे.
- वातानुकूलन यंत्राची झडप, पंखा आणि मोटारीतील झोत चेहऱ्यावरून वळवावा. तापमान गरजेपेक्षा खाली नेऊ नये. शक्य तेव्हा खिडकी उघडून नैसर्गिक हवा घ्यावी.
- संगणकाचा पडदा नजरेच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवावा. त्यामुळे पापण्या काही प्रमाणात खाली येतात आणि डोळ्यांचा उघडा भाग कमी होतो.
- दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे आणि त्या वेळी पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात.
- दुचाकीवर हेल्मेटची काच खाली ठेवावी. उन्हाळ्यात बाहेर पडताना बाजूने झाकणारा गॉगल वापरावा.
- लांबच्या विमान प्रवासात कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा वापरावा आणि कृत्रिम अश्रू जवळ ठेवावेत.
- रात्री डोळ्यांवरचा मेकअप व काजळ पूर्ण काढून पापण्यांच्या कडा स्वच्छ कराव्यात.
- सुरू असलेली औषधे कोरडेपणा वाढवत असल्याची शंका आली तरी ती स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

डोळा तीव्र दुखणे, उजेड सहन न होणे, दृष्टी एकाएकी कमी होणे, घट्ट पू येणे किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणे ही लक्षणे साध्या कोरडेपणाची नव्हेत. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. डोळ्यांच्या साथीनंतर काही जणांत कोरडेपणा बराच काळ रेंगाळतो. साथ सरल्यावरही चुरचुर कायम असेल तर जुन्याच थेंबांची बाटली पुन्हा न उघडता तपासणी करून घ्यावी.

शुष्क नेत्र हा बहुतेकांच्या बाबतीत एका औषधाने कायमचा संपणारा विकार नाही. पण तो आटोक्यात ठेवता येतो, आणि त्यासाठीचे पहिले पाऊल पुष्कळदा औषधाच्या दुकानाबाहेरच असते. खुर्चीची जागा बदलणे, झोत वळवणे, पडदा खाली घेणे आणि पापण्यांना मिटण्याची आठवण करून देणे यांना खर्च येत नाही. त्यानंतरही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर दोष केवळ हवेत नाही असे समजून डोळे तज्ज्ञांकडून तपासून घेणेच श्रेयस्कर.